बिनतिकिटाचा कंडक्टर

आमच्या उस्मानपुऱ्यातल्या इमारतीत तळमजल्यावर पुंडलिक सांडू राहतात. मूळ गाव पिशोर. घरची शेती भावाकडं, आणि ह्यांची उभी हयात एस.टी.त कंडक्टर म्हणून गेली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी चालताना अजून पाय थोडे फाकवून टाकतात, जणू खालची जमीन कधीही ब्रेक मारेल. इमारतीत सगळे त्यांना सांडूकाका म्हणतात आणि त्यांच्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, नुसतं काकू.

नोकरीतलं सगळ्यात मोठं दुःख कोणतं, असं एकदा मी काकांना विचारलं. मला वाटलं गर्दी म्हणतील, घाटातले रस्ते म्हणतील, नाहीतर ऐन दिवाळीतल्या ड्युट्या.

ते म्हणाले, "सुट्टे."

"सुट्टे?"

"व्हय. माणूस गाडीत चढतंय ते हातात करकरीत मोठी नोट घेऊन. मी म्हणायचं सुट्टे द्या, त्यानं म्हणायचं नाय. मंग तिकिटाच्या मागं लिहून द्यायचं, उतरताना घ्या. उतरताना एक तर तो इसरणार, नायतर मी. आन जो इसरला तो दुसऱ्याला जन्मभर चोर म्हणणार."

आतून काकूंचा आवाज आला, "झोपेत बी हेच. सुट्टे द्या, सुट्टे द्या. एकदा मी उशाखाली चिल्लर ठेवली. म्हटलं, घ्या आन झोपा एकदाचे."

काकांच्या शिस्तीचा एक किस्सा काकू अजून रागानं सांगतात. लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला त्या माहेरी निघाल्या त्या नवऱ्याच्याच गाडीतून. आपण कंडक्टरची बायको, म्हणून जरा ऐटीत खिडकीशी बसल्या. काका तिकिटं फाडत फाडत त्यांच्यापर्यंत आले आणि अनोळखी माणसाला विचारावं तसं म्हणाले, "कुठं?" नव्या नवरीला वाटलं थट्टा चाललीय. ती पदराआड हसली. "कुठं ते बोला," काका पुन्हा म्हणाले. तिनं गावाचं नाव सांगितलं. काकांनी स्वतःच्या खिशातून पैसे काढले, चामड्याच्या पिशवीत टाकले आणि तिकीट फाडून तिच्या हातात दिलं. अख्खी गाडी हसली.

"तवापासून ह्यांच्या गाडीत मी पाय ठेवला नाय," काकू म्हणतात. "दुसऱ्या कंडक्टरच्या गाडीनं जायची. ते बिचारे तरी वैनी म्हणायचे."

अशा माणसाच्या हातात नातीनं मोबाईल दिला आणि पैसे पाठवायला शिकवलं. नात म्हणजे संस्कृती, मुलगा शिवराजची मुलगी, कॉलेजात आहे. पहिल्याच दिवशी काका भाजी आणायला गेले. भाजीवालीचा हिशेब नेहमीसारखा वाकडातिकडा झाला आणि काकांनी फोनवरून तेवढेच दिले, तंतोतंत. परत काही यायचं नव्हतं. सुट्ट्याऐवजी चॉकलेट नाही, 'उद्या घ्या' नाही. घरी येऊन पिशवी ठेवायच्या आधी ते मला जिन्यात भेटले.

"हे यंत्र आमच्या टायमाला असतं ना," फोन उंच धरून ते म्हणाले, "तर माझं डोकं इतकं पांढरं झालं नसतं."

मग हळूहळू सगळंच फोनवर गेलं. लाईटचं बिल, गॅसची टाकी, गोळ्या, दूधवाला, दाढी. रिक्षासुद्धा फोनवरूनच बोलवायचे आणि उतरल्यावर रिक्षावाल्यालाच सांगायचे, "काढ तुझा तो चौकोन." आधारकार्डाचा फोटो फोनमध्ये, डॉक्टरची चिठ्ठी फोनमध्ये. पैशाचं जुनं पाकीट त्यांनी संस्कृतीला क्लिपा ठेवायला देऊन टाकलं. एखादा वाणी म्हणाला की आज रोख द्या, तर काका त्याच्याकडं असं बघत, जसं पूर्वी मोठी नोट काढणाऱ्या माणसाकडं बघत असतील.

काकूंना हे बिलकुल पसंत नव्हतं. "माणसाच्या कनवटीला काहीतरी पायजे," त्या म्हणायच्या.

"तू तुझ्या जमान्यात राहा," काका म्हणायचे.

मागच्या उन्हाळ्यात त्यांच्या धाकट्या नातवाचं, ऋतुराजचं जावळ होतं. ऋतुराज हा मुलगी सुरेखाचा. सुरेखा करमाडला दिलेली, म्हणजे जालना रोडवर, फार लांब नाही. जावळात मूल मामाच्या मांडीवर बसतं, म्हणून शिवराज बायकोला, संस्कृतीला आणि काकूंना घेऊन आदल्या दिवशीच गेला. काकांनाही निघायचं होतं. पण आमच्या गल्लीला पाण्याची पाळी नेमकी दुसऱ्या दिवशी सकाळी होती, तसा मेसेज इमारतीच्या ग्रुपवर आला. आमच्याकडं पाळी चुकली की पुढं किती दिवस वाट बघावी लागेल ते कुणी सांगू शकत नाही. घरातलं कुणीतरी थांबणं भाग होतं.

"पाणी भरतो, पेढे घेतो आन बसनं येतो," काका म्हणाले. "मी नाय तर जावळ अडतंय थोडंच?"

"अडतंय," सुरेखा वडिलांना फोनवर म्हणाली. "दादा, तुम्ही आल्याशिवाय मी कात्रीला हात लावू देणार नाय."

सकाळी पाणी आलं. काकांनी टाकी भरली, माझ्याही दोन बादल्या भरून दिल्या, आंघोळ केली, पांढरा शर्ट घातला. पेढ्यांचा मोठा डबा घेतला, पैसे फोनवर. रिक्षा केली, पैसे फोनवर. सिडको बसस्थानकावर रिक्षावाला त्यांना म्हणाला, "चाचा, तुम तो बडे मॉडर्न हो." काकांना ते इतकं आवडलं की आल्यावर पहिलं तेच मला सांगितलं. मग बाकीचं.

जालन्याची साधी गाडी लागलेली होती. निवृत्त कर्मचाऱ्याला वर्षातून मिळणारे मोफत पासाचे महिने काकूंच्या देवदर्शनात केव्हाच संपले होते, पण पासष्टच्या वरच्यांना अर्धं तिकीट असतं आणि कंडक्टरच्या मशिनीवर फोननं पैसे चालतात, त्यामुळं काका निर्धास्त होते. आपल्या नेहमीच्या सवयीनं ते दाराजवळच्या सीटवर बसले. डबा पायाशी ठेवायला वाकले आणि वरच्या खिशातला फोन सटकन निसटून खालच्या पत्र्यावर पालथा पडला.

उचलला तर काचेवर कोळ्याचं जाळं, आणि जाळ्यामागं काळोख. काकांनी बटण दाबलं. पुसला. तळहातावर आपटला. गाडी तोवर सुटून चिकलठाण्याकडं लागलेली.

तेवढ्यात फोन वाजायला लागला. म्हणजे आत जीव होता, पण काचेवर काही दिसेना आणि बोट कुठंही फिरवलं तरी उचलला जाईना. संस्कृतीनं लावून दिलेली ती बासरीची धून पूर्ण वाजली, थांबली, पुन्हा सुरू झाली. सुरेखा असणार, कुठवर आलात विचारायला. काका फोन दोन्ही हातांत धरून बसले होते.

"बाबा, कुठं?"

समोर कंडक्टर उभी होती. तरुण पोरगी, खाकी शर्ट, गळ्यात मशीन. छातीवरच्या पट्टीवर नाव होतं करुणा.

"करमाड. एक ज्येष्ठ," काका सवयीनं म्हणाले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी पँटचे खिसे बघितले. शर्टाचा बघितला. पेढ्यांची पिशवी उलटी करून बघितली. आधारकार्ड फोनमध्ये. पैसे फोनमध्ये. आणि फोन नुसताच बासरी वाजवत होता.

"माझा फोन मेला," ते म्हणाले.

"वाजायलाय की."

"वाजतंय, पण मेलाय."

करुणानं फोन हातात घेऊन बघितला आणि परत दिला. "राहू द्या बाबा. बसा तुम्ही. मी टाकते माझ्याजवळचे."

आता दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, बाई, देव तुझं भलं करो. काकांचे कान लाल झाले. "तू का म्हणून टाकशील? उद्या दुसरा येईल, परवा तिसरा. किती जणांचे टाकशील?"

"मंग तसंच बसा, थोडं तर जायचंय."

"तसंच बसू? आन पुढं चेकिंग लागली मंजी? केस कुणावर होती, माझ्यावर का तुझ्यावर? नवीन नोकरी दिसती तुझी."

मागच्या सीटवरची एक कॉलेजातली मुलगी पुढं वाकली. "काका, मी स्कॅन करते ना. त्यात काय एवढं."

"नको बाळा."

"अहो, घ्या की," आणखी एक जण म्हणाला. "म्हातारं माणूस, उन्हाचं कुठं जाता."

सगळी गाडी आता काकांकडं बघत होती. ज्यानं हजारदा दुसऱ्यांना खिसे चाचपडताना बघितलं होतं, त्याचे खिसे आज सगळे जण बघत होते. ते मला म्हणाले, "पोरी, चांगलीच माणसं होती सगळी. पण मला कुणाच्या तोंडाकडं बघवंना. मी कंडक्टर हाये, हे बी सांगावं वाटंना."

ते उठले. पेढ्यांचा डबा काखेत घेतला. "थांबव गाडी, उतरतो मी."

"अहो बाबा, इथं स्टॉप नाय!" करुणा म्हणाली.

काकांचा हात आपोआप वर गेला आणि त्यांनी घंटीची दोरी ओढली. एकच टोला, अचूक, मधेच तोडलेला. ड्रायव्हरनं मागं न बघता गाडी बाजूला घेतली. करुणा काही बोलायच्या आत काका खाली उतरले होते आणि पाठ करून उभे होते. दोन टोले पडले आणि गाडी निघून गेली.

ते ठिकाण शेंद्र्याच्या जरा अलीकडं होतं. जालना रोडवर मोठमोठे ट्रक, कारखान्यांच्या कुंपणाच्या भिंती, आणि सावली म्हणाल तर लांबवर एक कडुलिंब. काका चालायला लागले. ते म्हणतात, नोकरीत कितीतरी बिनतिकिटांना मी खाली उतरवलं असंल, नियमच होता, पण गाडी निघून गेल्यावर रस्ता कसा दिसतो ते कधी मनातच आलं नव्हतं. खिशात फोन अधूनमधून वाजत होता. प्रत्येक वेळी ते थांबत, काढून बघत आणि परत ठेवत.

कडुलिंबाखाली एक चहाची टपरी होती. एक बाई चहा करत होती आणि कारखान्याच्या गणवेशातले चारदोन कामगार उभे होते. काकांनी पाणी मागितलं. घोटाघोटानं दोन तांबे प्याले.

"चहा टाकू का, बाबा?"

"नको, नको," काका म्हणाले. मग म्हणाले, "बाई, एक फोन लावू देता का? पोरीला कळवायचं होतं."

बाईनं फोन पुढं केला. "बोला नंबर."

काकांनी तोंड उघडलं. सुरेखाचा नंबर त्यांना येत नव्हता. शिवराजचा येत नव्हता. संस्कृतीचाही नाही. फोनमध्ये सुरेखा म्हणजे तिचा फोटो होता, दाबला की लागायचा. खूप आठवून एकच नंबर आठवला, तो पिशोरच्या एका किराणा दुकानाचा, ज्याच्यावर पूर्वी घरी निरोप ठेवायचे. ते दुकान जाऊन तिथं आता दवाखाना झालाय.

"येत नाय," ते म्हणाले. आणि खरं सांगायचं तर तिथं त्यांचे डोळे भरून आले. बसमध्ये नाही, उन्हात चालताना नाही, तिथं.

टपरीवाल्या बाईनं कपात चहा ओतला आणि त्यांच्यापुढं ठेवला. काका कपाकडं बघत राहिले. फुकटचा चहा त्यांच्या घशाखाली उतरला नसता. मग त्यांनी पेढ्यांचा डबा उघडला.

"घ्या. नातवाचं जावळ हाये आज. आधी घ्या, मंग मी चहा घेतो."

बाईनं पेढा घेतला, कामगारांनी घेतला. आजोबा इथं कसे, जावळ कुठं, असं बोलणं निघालं. काकांनी पहिल्यांदाच सगळी हकीकत सांगितली, कंडक्टर असल्याचंसुद्धा. एक कामगार हसायला लागला, मग दुसरा, आणि शेवटी काकाही हसले. टपरीशी पाण्याचा टँकर उभा होता. त्याचा ड्रायव्हर, फकिरा म्हणून एक धिप्पाड माणूस, पेढा चघळत म्हणाला, "चला आजोबा, करमाडच्या पुढं खाली करायचाय मला. आपल्या गाडीत तिकीट नसतंय."

तिकडं करमाडला काय झालं होतं ते काकूंनी सांगितलं. शिवराज फाट्यावर वडिलांना घ्यायला गेला. गाडी आली, वडील उतरले नाहीत. फोन लावावा तर वाजतोय, उचलत नाहीत. तेवढ्यात करुणा स्वतःच खाली उतरून विचारत होती, "कुणी पांढऱ्या शर्टवाल्या बाबांना न्यायला आलंय का? पेढ्यांचा डबा हाये त्यांच्याजवळ." तिनं सगळं सांगितलं. शिवराजनं घरी फोनवर तेवढं कळवलं, मोटारसायकल वळवली आणि वडिलांना शोधत शेंद्र्याकडं सुटला. वाटेत समोरून एक टँकर गेला. त्याच्या केबिनमध्ये उंच बसून, वारा खात, फकिराला जुन्या गाड्यांच्या गोष्टी सांगत आपले वडील चाललेत, हे त्याला कसं कळावं?

काका दारात उभे राहिले तेव्हा डबा निम्मा झालेला होता. अंगणात पाट मांडलेला, केस काढणारे न्हावी वस्तरा पुसत बसलेले, आणि ऋतुराज रडून रडून सुरेखाच्या खांद्यावर झोपलेला. आजोबा आले, पण आता मामा नव्हता. शिवराजला फोन करून परत बोलवावं लागलं.

काकू उंबऱ्यात बसल्या होत्या. उठल्या नाहीत. काकांना खालपासून वरपर्यंत बघितलं. काहीतरी भलतंसलतं झालं असेल, ह्या भीतीनं त्यांचा चेहरा उतरला होता, आणि माणूस धडधाकट दिसल्यावर तो निवळला.

"उतरलात?" त्या म्हणाल्या. "तुम्ही? बसमधून?"

"तिकीट नव्हतं."

"म्हणून उतरलात!" काकूंनी पदर तोंडाला लावला. आधी वाटलं रडतात. त्या हसत होत्या. मग खरंच रडल्या. सुरेखानं पाणी आणलं ते दोघांना मिळून प्यायला लागलं.

जावळ छान झालं. ऋतुराज मामाच्या मांडीवर एकदाही रडला नाही.

फोनच्या काचेची दुरुस्ती झाल्यावर काका पहिल्यांदा गेले ते सिडको बसस्थानकावर. दोन चकरा वाया गेल्या, तिसऱ्या दिवशी करुणा भेटली. काकांनी तिला पेढे दिले आणि मी जुना कंडक्टर आहे म्हणून सांगितलं.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "तुम्ही उतरल्यावर आमचे ड्रायव्हर म्हटले, ही घंटी कुण्या जुन्या कंडक्टरनं मारली. आजकाल असा टोला कुणाला येत नाय." मग जरा रागावून म्हणाली, "पण बाबा, त्या दिवशी माझं कामात ध्यान नव्हतं दिवसभर. उन्हात उतरून गेलात तुम्ही. माझे वडील असते तर मी असं जाऊ दिलं असतं का?"

मला ते एवढंच म्हणाले, "पोरगी लई गुणाची हाये. मला तिचं ऐकायला पायजे होतं."

आम्हाला वाटलं होतं, आता काका फोन बंद करून रोखीवर येतील आणि काकू जिंकल्या म्हणून मिरवतील. झालं उलटंच. आठवड्याभरात काकू माझ्याकडं आल्या आणि म्हणाल्या, "संस्कृतीला सांग, मला बी शिकव म्हणावं. ह्यांच्यासमोर मला नाय बोलवत."

"काकू, तुम्हाला तर फोन आवडत नाही!"

"नायच आवडत," त्या म्हणाल्या. "पण त्या दिवशी ह्यांचा फोन नुसता वाजायलेला, आन मला कुणाला इचारायचं तरी दुसऱ्याच्या पाया पडावं लागायलं. सुरेखा, लाव गं. जावईबापू, लावा हो. उंबऱ्यात बसून होते मी खुळ्यासारखी. कुठं जायाचं म्हटलं तरी ह्यांच्या मागं, काही घ्यायचं म्हटलं तरी ह्यांच्या मागं. आता म्हटलं, पुरे."

संस्कृतीनं शिकवलं. काकांना कळलं तेव्हा तेही शिकवायला बसले, आणि रोज भांडण झालं. पिन टाकायची वेळ आली तेव्हा काका डोकावले.

"काय ठेवलास?"

"तुम्हाला कशाला सांगू? संस्कृती म्हणती, कुणालाच सांगायचा नाय."

"अगं, मी नवरा हाये तुझा!"

"असा की. मी कुठं नाय म्हटलं."

परवा आम्ही तिघं गुलमंडीला गेलो होतो. मला कापड घ्यायचं होतं, काकूंना बांगड्या. बांगड्यांच्या दुकानाच्या पायरीशी काकू थांबल्या आणि काकांना म्हणाल्या, "तुम्ही इथंच राहा. आत नका येऊ." काका राहिले. आत काकूंनी हिरव्या बांगड्या भरून घेतल्या, भाव पाडला, भाव पटल्यावर सुद्धा आणखी थोडा पाडला, आणि चष्मा नाकावर सरकवून फोन काढला. काका बाहेरून मान उंच करून बघत होते. मदतीला जावं की नाही ह्या विचारात त्यांचा एक पाय पायरीवर आणि एक खाली.

दुकानातल्या पेटीतून पैसे मिळाल्याचा आवाज आला. काकू बाहेर आल्या, हात पुढं करून मला बांगड्या दाखवल्या, आपली पिशवी काकांच्या हातात दिली आणि शेजारच्या साड्यांच्या दुकानात शिरल्या.

"अजून किती दुकानं हायेत हिची?" काकांनी मला विचारलं.

"मला काय माहीत, काका."

त्यांनी दोन्ही हातांत पिशवी नीट धरली, दुकानाच्या भिंतीला टेकले आणि आत बघत उभे राहिले. चेहऱ्यावर असं कौतुक होतं, की मी माझं कापड घ्यायला पुढं न जाता थोडा वेळ तिथंच थांबले.